एवढंच बदला, बाकी राहू द्या

मी एक पान बोलतोय. झाडाचं नाही, विड्याचं नाही, वहीचंही नाही. मी कॉम्प्युटरवरचं मदतीचं पान. व्याकरणाने पाहिलं तर मी 'बोलतंय' म्हणायला हवं, पण तसं म्हटलं की मीच मला पाळण्यातलं बाळ वाटायला लागतो. तेव्हा बोलतोय.

माझं नाव आहे 'जतन केलेली विनंती अंशतः बदलणे'. नाव वाचूनच निम्मे लोक परत जातात. उरलेले निम्मे चुकून आलेले असतात. तरीही मला एक आयुष्य मिळालं, आणि त्यात एकदा ऐंशी माणसं माझ्यामुळे उपाशी बसली. ते सांगायलाच हवं.

माझा जन्म परळचा. जुन्या गिरणीच्या आवारात आता काचेची ऑफिसं झाली आहेत, त्यातल्या तिसऱ्या मजल्यावर एक लहानशी कंपनी आहे. तिच्या वस्तूचं नाव 'पाठवणी'. कॉम्प्युटरवरून निरोप पाठवायचे, म्हणून पाठवणी, असा मालकांचा हिशोब. मनवा कामाला लागली त्या पहिल्याच दिवशी तिने गौतम सरांना विचारलं, "सर, पाठवणी म्हणजे मुलीची सासरी रवानगी ना?" गौतम सर म्हणजे तिथले वरिष्ठ. त्यांनी भिंतीवरच्या मोठ्या पाटीकडे पाहिलं आणि म्हणाले, "पाटी लागली आता."

ही मनवा माझी जन्मदाती. लालबागच्या चाळीतली, मराठी घेऊन बी.ए. झालेली. यंत्राने काय केलं ते माणसांना समजेल असं लिहिणं, हे तिचं काम. नोकरी सहा महिन्यांच्या परीक्षेवर होती. सहा महिने बरे गेले तर कायम, नाहीतर नमस्कार.

आता पाठवणी करते काय, ते एकदा सांगतो. एखाद्या खानावळीला टेम्पो बोलवायचा असतो. टेम्पोवाल्यांच्या कंपनीचा कॉम्प्युटर असतो. बाहेरच्यांनी त्याला काम सांगायची एक ठरलेली खिडकी असते, तिला जाणकार 'एपीआय' म्हणतात. त्या खिडकीत द्यायची चिठ्ठी म्हणजे विनंती. चिठ्ठीत रकाने असतात : पत्ता, वेळ, सामान, सूचना. रोज तीच चिठ्ठी नव्याने लिहायचा कंटाळा येतो, म्हणून ती जतन करून ठेवायची. आणि कधी नुसती वेळ बदलायची असली, तर सगळी चिठ्ठी न लिहिता तेवढीच बदलायची. ही तेवढीच बदलायची सोय यशोधनने केली, आणि ती कशी वापरायची हे सांगण्यासाठी मी जन्मलो.

यशोधन शिवाजी पार्कला राहतो. सकाळी मैदानाला तीन चकरा मारतो, आणि दिवसभराचं बोलणं बहुतेक त्या चकरांतच संपवून येतो. मनवाने त्याच्याकडे माहिती मागितली तेव्हा त्याने एक ओळ पाठवली : 'पाठवलेलं बदलतं. बाकी तसंच.'

मी जन्मलो तो एवढाच. चार शब्दांचा.

"एवढंच?" मनवाने त्याच्या टेबलापाशी जाऊन विचारलं.

"अजून काय पाहिजे? सोपं आहे ना."

"तुला सोपं आहे रे. तू केलंयस."

तिने त्याला एकतीस प्रश्न विचारले. सत्तावीस प्रश्नांना त्याने "हो" किंवा "नाही" म्हटलं, तीन प्रश्नांना खांदे उडवले आणि एकाला "चहा घ्यायचा का?" म्हणाला. त्यातून तिने मला वाढवलं. चाराचे चाळीस झाले, चाळिसाचे तीनशे. मला मथळा आला, पायऱ्या आल्या, एक उदाहरण आलं. मी अंगाने भरलो.

मनवाची एक खोड होती. कुठलंही पान पुरं झालं की ती ते मोबाईलवर घरी न्यायची आणि जाईबाईंना वाचून दाखवायची. जाईबाई म्हणजे तिची आत्या. मालवणकडून लग्न होऊन गिरणगावात आलेली, आता भावाच्या घरी राहणारी. कॉम्प्युटरला तिने आयुष्यात हात लावला नव्हता. मनवा म्हणायची, आत्याला कळलं तर जगाला कळलं.

त्या संध्याकाळी आत्या कुळीथ निवडत होती. मनवाने मला पहिल्यापासून वाचलं. "बदलाच्या चौकटीत फक्त बदलायचे रकाने लिहा. जे बदलायचं नाही, ते लिहू नका. ते तसंच राहील."

जाईबाईंचा हात थांबला. "आणि रकान्याचा नाव लिवला, पण फुडे कायच लिवूक नाय, तर मगे काय होतला?"

मनवाने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. आम्हां दोघांनाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने यशोधनला विचारलं. तो म्हणाला, "मग पुसलं जातं. रिकामं पाठवलं म्हणजे रिकामं करा."

"मग हे लिहायला पाहिजे."

तिने लिहिलं : 'सावधान. रकान्याचं नाव लिहून पुढची जागा रिकामी सोडलीत, तर त्या रकान्यातली जुनी माहिती पुसली जाईल.' माझ्या अंगावरची ती पहिली लाल ओळ. मला फार आवडली होती. लाल ओळ असलेलं पान जरा वजनदार दिसतं.

दोन दिवसांनी, मला सगळ्यांसमोर आणायच्या आदल्या दिवशी, दोघं खाली टपरीवर चहा प्यायला गेले. मी मनवाच्या मोबाईलवर उघडाच होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"ती लाल ओळ काढ ना," यशोधन म्हणाला.

"का?"

"लोक घाबरतात. असं कोण करेल? नाव लिहायचं आणि पुढे काहीच नाही? वेडा आहे का कोणी?"

"आत्याला सुचलं ते."

"आत्या आपली गिऱ्हाईक नाहीये, मनवा."

चहा संपला. मनवा वर आली, जरा वेळ बसली, आणि लाल ओळ निवडून तिने ती पुसली. मला काही दुखलं नाही. आम्हां पानांना दुखत नाही, फक्त जागा मोकळी वाटते.

अशा प्रकारे मी जगासमोर आलो. पहिल्या आठवड्यात मला चौदा वाचक मिळाले. माणसं पान कसं वाचतात हे मी तेव्हा शिकलो. ती वाचतच नाहीत. वरून खाली सर्रकन घसरतात, उदाहरण दिसलं की ते उचलतात आणि पळतात. एकाने मला अडीच सेकंदांत वाचलं आणि खाली 'उपयोग झाला नाही' या अंगठ्यावर टिचकी मारली. काहीजण मला उघडून फोनवर बोलत राहिले. एका गृहस्थांनी मला तीन दिवस उघडं ठेवलं होतं. मला वाटलं अभ्यास चाललाय. ते गावाला गेले होते.

आणि मग मला कमळाबाई मिळाल्या.

कमळाबाई गिरगावातल्या एका वाडीत तळमजल्यावर राहतात. बावीस वर्षं लोकांच्या कार्याचं जेवण बनवून देतात. परळचा एक हॉल त्यांचा कायमचा ठरलेला. पुण्याच्या भाच्याने त्यांना पाठवणी बसवून दिली आणि 'परळचा हॉल' नावाची विनंती जतन करून दिली. मग तो पुण्याला गेला आणि फोन उचलेनासा झाला. उरलो मी.

बाईंनी टॅब मसाल्याच्या डब्याला टेकवून उभा केला, चष्मा लावला आणि मला पहिल्या अक्षरापासून वाचायला घेतलं. मोठ्याने. ओळीखाली बोट ठेवून. बोटाला हळद होती. मला असं कोणी वाचलं नव्हतं. शेवटपर्यंत गेल्या, परत वर आल्या, पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना म्हणाल्या, "बरं लिहिलंय हो." त्या दिवशी मी स्वतःला ग्रंथ समजायला लागलो.

दुसऱ्या दिवशी परळच्या हॉलवर बारसं होतं. ऐंशी पानं. मसालेभात, बटाट्याची भाजी, मठ्ठा आणि जिलबी. यजमानांनी कळवलं होतं की मुहूर्त लवकरचा निघालाय, जेवण साडेबाराऐवजी साडेअकराला पोचवा. म्हणजे फक्त वेळ बदलायची. माझंच काम.

कमळाबाई टापटिपीच्या. त्यांनी जन्मभर बँकेचे आणि रेशनचे अर्ज भरले होते. अर्जात सगळे रकाने छापलेले असतात, आपल्याला लागू नाही ते कोरे सोडायचे, हे त्यांना पक्कं ठाऊक. त्यांनी बदलाच्या चौकटीत ओळीने लिहिलं : 'पत्ता', पुढे कोरं. 'वेळ', पुढे साडेअकरा. 'सामान', पुढे पातेल्यांची संख्या, कारण ऐनवेळी मठ्ठ्याचं एक वाढलं होतं. 'सूचना', पुढे कोरं. आणि मग माझी ओळ पुन्हा मोठ्याने वाचली, "जे बदलायचं नाही, ते लिहू नका. नाही लिहिलं बाई."

त्यांचं बरोबर होतं. शब्दाशब्दाने बरोबर होतं. पत्त्यापुढे त्यांनी खरोखरच काही लिहिलं नव्हतं.

मी मसाल्याच्या डब्याला टेकून सगळं बघत होतो आणि मला ओरडता येत नव्हतं. जिथे लाल ओळ होती तिथे आता नुसती दोन परिच्छेदांमधली जागा होती. बाईंनी 'पाठवा' दाबलं. पत्ता पुसला गेला.

टेम्पोच्या कंपनीचा नियम असा, की विनंतीत पत्ता नसेल तर माल जिथून उचलला तिथेच परत न्यायचा. आणि बाईंचं ठिकाण त्यांच्या नकाशावर होतं वाडीच्या मागच्या फाटकाशी.

पुढचं मी नंतर बाईंच्या तोंडून ऐकलं. सकाळी लवू टेम्पो घेऊन पुढच्या फाटकाशी आला. लवू पन्नाशीचा, इमानी माणूस. पातेली चढवली, फोन बघितला आणि निघाला. पुढचा रस्ता एकदिशा. फोनने त्याला डावीकडे नेलं, चर्नी रोडच्या बाजूने वळवलं, सिग्नलला उभं केलं, आणि वीस मिनिटांनी त्याच वाडीच्या मागच्या फाटकाशी आणून सांगितलं, 'आपण पोचलात.' लवूने पातेली मागच्या चौकात उतरवली, नियमाप्रमाणे फोटो काढला आणि दुसऱ्या भाड्याला गेला.

मागच्या चौकात चार बिऱ्हाडं. त्यांनी झाकण उचललं. मसालेभाताचा वास आला. कोणीतरी म्हणालं, "कमळाबाईंचं काहीतरी असेल, सगळ्यांना घातलेलं दिसतंय." माणसं ताटं घेऊन आली. भाताचं एक पातेलं अर्धं झालं, जिलब्यांची परात तळापर्यंत दिसू लागली. एका आजोबांनी तर पुढच्या बाजूला येऊन कमळाबाईंना सांगितलं, "बाई, मठ्ठा फक्कड झालाय. निमित्त काय?"

"कसला मठ्ठा?" बाई म्हणाल्या.

त्या मागे धावल्या. आपलीच पातेली ओळखायला बाईला किती वेळ लागणार? त्यांनी लवूला फोन लावला.

"लवू, तू आहेस कुठे?"

"ताई, मी डोंगरीला. तुमचा माल पोचला. फोटो पाठवलाय बघा."

"अरे, माल माझ्याच घरी पोचलाय!"

"हो ना. फोन तिथेच म्हणाला."

"लवू, तू अकरा वर्षं माझं जेवण परळला नेतोस. डोकं कुठे होतं तुझं?"

लवू म्हणाला, "ताई, आधी डोक्यानेच जायचो. आता डोक्याने गेलो तर कंपनी विचारते, फोन सोडून का गेलास. मला वाटलं, घरचंच कार्य असेल. वळसा कशाला घातला, ते मलाही कळलं नाही."

उरलेलं जेवण परळला पोचलं ते दीड वाजता. तोवर बाळाचं नाव ठेवून झालं होतं, ते बाळ दोनदा दूध पिऊन झोपलं होतं, आणि बाकीची ऐंशी माणसं एकमेकांकडे बघत बसली होती. जिलबी तीस जणांना पुरली. यजमान कमळाबाईंना एवढंच म्हणाले, "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." बावीस वर्षांत बाईंनी हे वाक्य ऐकलं नव्हतं. संध्याकाळी त्यांनी टॅब मसाल्याच्या डब्यामागे तोंड फिरवून ठेवला. मला भिंत दिसत होती.

तक्रार त्यांनी कागदावर लिहिली, बॉलपेनने, पाठपोट, आणि फोटो काढून पाठवली. पहिलंच वाक्य होतं : 'तुमचं पान मी तीनदा वाचलं आणि त्याप्रमाणे केलं.' मला वाचणारं एकमेव माणूस, आणि मी त्याला तोंडघशी पाडलं होतं.

दुसऱ्या दिवशी परळच्या ऑफिसात मीटिंग झाली. मला भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लावलं होतं. एवढा मोठा मी कधी दिसलो नव्हतो आणि एवढा लहान कधी झालो नव्हतो.

गौतम सर म्हणाले, "रिकामं पाठवलं तर पुसलं जातं, हे पानावर का नाही?"

सगळे मला पडद्यावर वरून खाली शोधू लागले.

"इतिहास उघडा."

आमचा एक इतिहास असतो. कोणती ओळ कधी आली, कधी गेली, कोणी केलं, सगळं त्यात. तो उघडला. लाल ओळ दिसली, चौदा तारखेला पुसलेली. पुसणाऱ्याचं नाव : मनवा.

"तू काढलंस?"

मनवाने एकदा यशोधनकडे बघितलं. यशोधन कॉफीच्या कपात बघत होता, जणू कपाच्या तळाशी काहीतरी लिहिलेलं आहे. ती म्हणाली, "हो सर. मीच काढलं."

"का?"

"तेव्हा बरोबर वाटलं."

मला काय झालं ते कसं सांगू? माझ्या इतिहासात बोटं नोंदली जातात, तोंडं नाही. कळ कोणी दाबली ते मला लिहिता येतं. टपरीवर कोण काय म्हणालं, ते मी ऐकलं होतं, पण त्याला माझ्यात रकाना नव्हता. मी खोटं बोलत नव्हतो, आणि तरीही माझ्यामुळे एका मुलीवर आळ येत होता.

गौतम सर वाईट माणूस नाहीत, पण त्यांनी फक्त इतिहासातली नोंद बघितली होती. ते म्हणाले, "महिनाअखेरीला तुझे सहा महिने होतात ना? बघू मग. आधी त्या बाईंकडे जाऊन माफी मागा. यशोधन, तूही जा, त्यांना नीट समजावून सांग."

घरी गेल्यावर मनवाने मला उघडलं. जाईबाईंनी विचारलं, "तेचा नाव कित्याक नाय सांगलंस?"

"ओळ माझ्या हाताने गेली, आत्या. मला ती बरोबर वाटत होती, तरी मी काढली. त्याने हात धरून नाही काढायला लावली."

जाईबाई म्हणाल्या, "ता खरा. पण तो मेलो गप बसलो, ताय खराच."

शनिवारी दोघं गिरगावात गेले. कमळाबाईंनी साडेबाराचीच वेळ दिली होती. मनवाने माफी मागायला तोंड उघडलं, तर बाई म्हणाल्या, "आधी हात धुवा." टॅब त्यांनी पुन्हा सरळ करून ठेवला होता, म्हणून मी हजर होतो.

दोघांना समोरासमोर बसवून बाईंनी पानं वाढली. जेवणाची. मनवाच्या पानात भात, भाजी, चटणी, वाटीत आमटी. यशोधनच्या पानात सगळं तेच, पण वाटी रिकामी. बाई समोर पाटावर बसल्या.

यशोधन थोडा वेळ थांबला. मग आणखी थोडा वेळ थांबला. भात कोरडाच चिवडत बसला.

"का रे, जेवत का नाहीस?"

"आमटी यायची आहे ना, काकू?"

"कोण म्हणालं?"

"वाटी ठेवलीय म्हणून..."

"वाटी ठेवली आणि रिकामी ठेवली. तुझ्या यंत्राच्या हिशोबाने त्याचा अर्थ काय?"

यशोधनने वाटीकडे बघितलं. हळूच म्हणाला, "आमटी काढून टाका."

"आणि तुझ्या पोटाच्या हिशोबाने?"

"येतेय, थांबा."

"आणि मी अर्ज भरणारी बाई. माझ्या हिशोबाने, आहे ते राहू दे, मला काही म्हणायचं नाही. एक रिकामी वाटी, तीन अर्थ. आणि तुमच्या पानावर एकही नाही." मग त्या मनवाकडे वळल्या. "तू लिहितेस ना? तुला नाही सुचलं?"

मनवा मान खाली घालून म्हणाली, "सॉरी, काकू."

तेव्हा यशोधन बोलला. त्याचे कान लाल झाले होते. "काकू, तिला सुचलं होतं. तिने लिहिलंही होतं. मी काढायला सांगितलं. म्हटलं, असं कोण करेल. वेडा आहे का कोणी, असं म्हटलं होतं मी."

मला वाटलं, बाई आता पळीच उगारतात.

"वेडा नाही," बाई म्हणाल्या. "वेडी. इथे बसलीय." आणि हसायला लागल्या. इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. हसू थांबलं तेव्हा म्हणाल्या, "हे हिच्या साहेबांना सांगितलंस?"

"नाही."

"का?"

"मीटिंगमध्ये तिने स्वतःच हो म्हटलं. मग मला... जमलं नाही."

"मग सोमवारी जमव." त्यांनी त्याच्या वाटीत आमटी ओतली. "पण आधी जेव. उपाशीपोटी खरं बोलायला गेलास तर अर्ध्यात थांबशील."

जेवण झाल्यावर बाईंनी मला पुढ्यात घेतलं आणि आणखी तीन चुका काढल्या. एका ठिकाणी 'उपरोक्त' होतं. बाई म्हणाल्या, "हे सरकारी जावई काढा आधी."

सोमवारी यशोधन मीटिंगमध्ये बोलला का? नाही. त्याला ते जमलंच नाही, उठला आणि पुन्हा बसला. पण जागेवर जाऊन त्याने माझ्या खाली, सगळ्यांना दिसेल अशा जागी, आपल्या नावाने टिपण लिहिलं. त्याचं आजवरचं सगळ्यात मोठं टिपण 'ओके' हे होतं. हे दोनशे चौदा शब्दांचं निघालं. टपरी, चहा, लाल ओळ, मनवाची आत्या, 'असं कोण करेल', मीटिंगमधली कॉफी, सगळं होतं त्यात. शुद्धलेखनाच्या एकोणीस चुका होत्या. मनवाने एकही सुधारली नाही.

गौतम सरांनी ते वाचलं, दोनदा वाचलं, आणि यशोधनच्या टेबलापाशी जाऊन म्हणाले, "हे मीटिंगमध्ये सांगायचं होतंस." मग मनवाच्या टेबलापाशी जाऊन म्हणाले, "आणि तूही." एवढंच. महिनाअखेरीला तिला कायम झाल्याचं पत्र मिळालं. त्यात तिचं आडनाव चुकलं होतं. नुसतं आडनाव बदलायचं, तर पत्र अख्खं नवीन निघालं आणि त्यात तारीख चुकली. तिसऱ्या पत्रावर तिने सही केली.

माझ्या अंगावर लाल ओळ परत आली, मथळ्याच्या अगदी खाली, आणि या वेळी कमळाबाईंच्या भाषेत. यशोधननेही यंत्रात सुधारणा केली. आता कोणी रकाना रिकामा पाठवला, तर ते आधी विचारतं, 'हे पुसायचंय की होतं तसं ठेवायचंय?' परळच्या यजमानांकडे कमळाबाई स्वतः जिलबीची परात घेऊन गेल्या, लवूला बरोबर घेऊन, आणि या खेपेला त्याला फोन खिशात ठेवायला लावला. यजमानांनी पुढच्या महिन्यातल्या साखरपुड्याचं जेवण त्यांनाच सांगितलं. आणि मनवा आता कुठलंही नवं पान आधी लालबागला वाचते, मग गिरगावात, आणि मगच लोकांसमोर आणते.

माझं म्हणाल, तर माझं वय झालं. आमच्या जातीत दोन वर्षं म्हणजे म्हातारपण. आता पाठवणीत एक बोलणारा मदतनीस आलाय. लोक त्यालाच विचारतात, तो मला वाचतो आणि त्यांना दोन ओळींत सांगतो. मागच्या महिन्यात मला अकरा वाचक आले, त्यातल्या नऊ वेळा मनवाच होती. या आठवड्यात यंत्राची नवी आवृत्ती येतेय. तिच्यासाठी नवं पान लिहून तयार आहे आणि मला 'जुनी पानं' नावाच्या कप्प्यात ठेवणार आहेत. तिथे म्हणे शांतता असते.

पण माझी एक प्रत बाहेर आहे. मागच्या वर्षी कमळाबाईंनी मला कागदावर छापून घेतलं आणि ओट्यावरच्या भिंतीला खिळ्याने लटकवलं. मला पहिल्यांदाच अंग मिळालं. फोडणीचे शिंतोडे उडाले, कडा पिवळ्या पडल्या, एका कोपऱ्यात बाईंनी गॅसवाल्याचा नंबर लिहून ठेवला. इतिहासात त्याची नोंद नाही. मला चालतं.

काल मनवा नवं पान छापून घेऊन आली. म्हणाली, "काकू, हे जुनं काढा आता. यातली निम्मी बटणंच राहिली नाहीत."

बाईंनी मला खाली काढलं नाही. नवं पान घेतलं, भोक पाडलं आणि माझ्यावरच अडकवलं. "असू दे ग त्याला," म्हणाल्या, "पाठीशी जाड लागतं. नाहीतर एकटं पान वाऱ्याने फडफडतं."

तेव्हा यापुढे मी पाठीशी. वरचं पान कोवळं आहे, छान लिहिलंय, त्याला शेवटपर्यंत वाचा. ओळीखाली बोट ठेवलंत तरी चालेल. आणि त्यात एखादी गोष्ट सांगायची राहून गेली असेल, तर 'मलाच कळलं नाही' असं म्हणून गप्प बसू नका. लिहिणारीला फोन करा. ती उचलते.